उंबऱ्याबाहेरचे सर

किल्ला बघायला माणसं किल्ल्यात जातात. आमचे सर किल्ल्याच्या दारापर्यंत जायचे, दारात उभं राहून आमची हजेरी घ्यायचे आणि आम्हांला आत पाठवून स्वतः बाहेरच थांबायचे. तासाभराने आम्ही परत आलो की पुन्हा हजेरी. आत जाताना तेवीस नावं, बाहेर येताना तीच तेवीस नावं. औसा असो, उदगीर असो, खरोशाची लेणी असोत, यात कधी बदल नाही. आणि तरीही आत कुठली पायरी निखळली आहे, कुठल्या कमानीखाली वाकून जावं लागतं, कुठल्या विहिरीला उतरायला चोरजिना आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असायचं. कारण परत आलेल्या प्रत्येकाला ते दारातच पकडून इतकं खोदून विचारायचे, की बघितलं त्यापेक्षा जास्त आम्हांला त्यांना सांगताना आठवायचं.

पोरांनी याचा आपल्या परीनं अर्थ लावला होता. सरांना वटवाघळांची भीती वाटते, असं आमच्या बॅचचं एकमत होतं. बिलोलीचा एक मुलगा तर फळ्यावर रोज वटवाघूळ काढायचा. सर आले की ते शांतपणे पुसायचे आणि म्हणायचे, "कान लहान झाले."

सर लातुरातल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. भूकंपाला तीन वर्षं होत आली होती आणि लातूर हे क्लासेसचं गाव व्हायला लागलं होतं. गल्लीगल्लीत पत्र्याची शेडं उभी राहिली होती. एकेका शेडमध्ये शंभर-दीडशे पोरं मांडीला मांडी लावून बसायची. नांदेड, उदगीर, देगलूर, कुठून कुठून यायची. एवढ्या पोरांची नावं कोण लक्षात ठेवणार, म्हणून प्रत्येकाला नंबर. मी एकशे सत्तावीस. आमचे फिजिक्सचे सर आज मला रस्त्यात भेटले तर एकशे सत्तावीस म्हणूनच ओळखतील, ओळखलं तर.

गणिताचे सर मात्र नाव घ्यायचे. दीडशेच्या दीडशे नावं, रोज, वडिलांच्या नावासकट. त्यात दहा मिनिटं जायची आणि क्लासचे मालक शेडच्या मागे उभे राहून तळमळायचे. एकदा ते न राहवून आत आलेच. "सर, एवढ्या वेळात दोन गणितं होतात."

"दोन गणितं पोरं घरी करतील," सर म्हणाले. "हजेरी घरी घेता येत न्हाई."

शिवाय 'प्रेझेंट सर' म्हणायची बंदी. 'हाय' म्हणायचं. इंग्रजी माध्यमातून आलेली एक-दोन पोरं पहिल्या दिवशी 'प्रेझेंट' म्हणाली, तेव्हा सरांनी वहीतून मान वर केली. "प्रेझेंट म्हणजे भेटवस्तू. ती तुझ्या वाढदिवसाला दे. आत्ता तू हायस का न्हाईस, तेवढं सांग."

दिसायला सर अगदी साधे. पांढरा शर्ट, खाकी पँट, आणि पायात आठवडी बाजारातून घेतलेले पोलिसांसारखे जाडजूड बूट. खिशात खारे शेंगदाणे. थंडीच्या दिवसांतही हातात छत्री, कारण ती छडी म्हणूनही चालायची आणि बुरुजाची सावली मोजायला काठी म्हणूनही. फिरायला निघाले की डोक्यावर पांढरी टोपी चढायची. "किल्ल्यात उघड्या डोक्यानं जात न्हाईत," म्हणायचे. स्वतः जातच नव्हते, तरी म्हणायचे. राहायला एका घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली. खाली चांगली दगडी खोली रिकामी होती, घरमालक देतो म्हणत होते, पण सर मे महिन्यातही त्या भट्टीतच. लोक त्यांना चिकट म्हणायचे. मीही म्हणत होते, लपवत नाही.

सहलींची घोषणा त्यांनी केली तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी तोंड उघडलं होतं. महिन्यातला एक रविवार आपण जुनी ठिकाणं बघायला जाणार, असं सरांनी सांगितलं. पहिल्यांदा एक पडकी गढी. पोरांच्या तोंडावर चार सराव पेपर बुडाल्याचं दुःख स्पष्ट दिसत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, पडकं बघायला एसटीनं कशाला जायचं? आमच्या गावाला चला. तिथं सगळंच पडकं हाय."

सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. निलंगा तालुक्यातल्या माझ्या गावाचं नाव तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, पेपरात येऊन गेलं होतं. सरांनी खडू खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत.

"तुझ्या गावाला बघायला अजून वेळ हाय," ते म्हणाले. "आधी दुसऱ्यांचं बघू."

आमच्या घरातली सगळी वाचली. हे सांगताना आजही मला अवघडल्यासारखं होतं, कारण गल्लीत दुसऱ्या कुणालाच तसं म्हणता येत नव्हतं. माळवदाचं घर होतं आमचं, आपल्याकडे सगळ्यांची असायची तसंच. दगडाच्या दोन हात जाड भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पिढ्यानपिढ्या चढवलेली माती. उन्हाळ्यात इतकं गार की पंखा लागायचा नाही. ते सगळं एका झटक्यात खाली आलं. मी अर्धा दिवस आत होते. अप्पांनी आणि काकांनी हातांनी माती उपसून मला काढलं. नंतर आम्हांला पत्र्याच्या शेडमध्ये जागा मिळाली, शाळाही पत्र्याच्या शेडमध्ये भरली, दहावीची परीक्षाही तशाच पत्र्याखाली दिली. मला वाटलं, झालं गेलं संपलं. काहीही संपलेलं नव्हतं, हे मला पुरतं कळलं ते अकरावीच्या शेवटी.

क्लासने अकरावीच्या पोरांची मोठी परीक्षा ठेवली होती. शेड पुरेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी गावातली एक जुनी दगडी शाळा घेतली. निजामाच्या काळातली असावी. जाड भिंती, सागवानी तुळया, वर माळवद. मी वर्गात गेले, जागेवर बसले, पेपर हातात घेतला आणि वर बघितलं. मग खाली बघताच येईना. तुळई भिंतीत जिथे शिरते ती जागा बघत बसले. घामाने पेपर ओला झाला. वीस मिनिटांनी मी उठून बाहेर आले आणि अंगणातल्या लिंबाखाली बसून राहिले. पेपर कोरा.

शून्य मार्कांचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या कॉलेजच्या मुलींचे बारावीचे नंबर दरवर्षी त्याच शाळेत यायचे. म्हणजे पुढच्या मार्चमध्ये मला तिथेच बसायचं होतं, एकदा नाही, प्रत्येक पेपराला, तीन-तीन तास. माझी आई, अव्वा, म्हणाली, "नसंल जमत तर राहू दे गं बाई, जीवापेक्षा बारावी मोठी न्हाई." पण लग्नाचं एक स्थळ आलं होतं आणि त्याला थांबवून धरणारी एकच गोष्ट घरात होती, ती म्हणजे माझी बारावी. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता सरांच्या सहलींकडे येते. त्या या परीक्षेच्या आधीच सुरू झाल्या होत्या, आणि दीडशेतली आम्ही तेवीसच जण नेमाने जायचो. पहिली गढी मला सोपी गेली, कारण तिला छप्परच नव्हतं. नुसत्या भिंती, त्याही अर्ध्या, आणि मध्ये बाभळी. तिथे मात्र सर आमच्याबरोबर आत हिंडले. छत्रीचं टोक एका ढासळलेल्या भिंतीकडे करून म्हणाले, "ही नापास झालेली भिंत. बघा तसल्लीनं. उभ्या भिंतीचं पोट दिसत न्हाई, पडलेलीचं दिसतं."

आणि खरंच दिसत होतं. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दगडाचा एक थर, मधे नुसता चिखल आणि खडी. दोन थरांना एकत्र धरणारं काहीच नाही. थोडं पुढे त्याच गढीची एक भिंत जशीच्या तशी उभी होती. तिच्यात ठिकठिकाणी लांब दगड आडवे घातले होते, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. सरांनी आम्हांला ते मोजायला लावले. मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की दगड माणसाला मारत नाही, मधला चिखल मारतो. इतके दिवस मला दगडाचाच राग होता.

पण समजणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. पुढच्या महिन्यात औशाचा किल्ला आला. त्याच्या दरवाज्यातून आत जायला कमानीखालून जावं लागतं. सगळी पोरं गेली, मी राहिले.

"काय गं, पाय दुखायलाय का?" सरांनी विचारलं.

"हाव सर."

"कुठला?"

"उजवा."

"मघाशी लंगडताना डावा होता." मग यादी पुढे करून म्हणाले, "बरं. उजवा तर उजवा. ही यादी धर. येणाऱ्याच्या नावापुढं खूण कर."

असे आम्ही दोघं दाराबाहेरचे झालो. तेवीस नावांतलं एक माझं होतं, तेही ते आत जाताना घ्यायचे आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून 'हाय' म्हणायची. सर माझ्यासाठी बाहेर थांबतात, मला एकटं वाटू नये म्हणून, असं मी ठरवून टाकलं. वटवाघळांची थिअरी मी तेव्हापासून मानेनाशी झाले. उलट मनातून फार बरं वाटायचं. एवढा मोठा माणूस, एवढा किल्ल्याचा शौकीन, आणि आपल्यापायी बाहेर उन्हात उभा!

कोऱ्या पेपराची गोष्ट कळल्यावर सरांनी माझ्यासाठी एक पद्धत काढली. खिशातून खडू काढायचे आणि दाराच्या आत, दोन पावलांवर, जमिनीवर रेघ मारायचे. मारताना ते स्वतः बाहेरूनच, वाकून, छत्रीला खडू बांधून मारायचे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण त्यांचं सगळंच तसं. "आज रेघेपर्यंत. शंभर अंक मोज आणि ये." मी जायची, डोळे मिटून शंभर मोजायची आणि पळत बाहेर. पुढच्या वेळी रेघ तीन पावलांवर. मग चार. मोजणं शंभराचं दोनशे झालं. डोळे उघडे ठेवायचा नियम आला. "वर बघ. कमानीत किती दगड हायेत सांग." मी मोजायची, चुकायची, पुन्हा मोजायची. भीती वाटत असताना मोजता येत नाही, आणि मोजताना भीती तितकीशी वाटत नाही, हे मी तिथे शिकले.

मध्ये उदगीरची गंमत झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. उदगीरच्या किल्ल्याला मोठा खंदक आहे. आमच्यातल्या एकाला राहवेना. त्याने विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?"

हा प्रश्न आमच्या बॅचचा श्वास होता. कुणी मेलं म्हटलं तरी आम्ही तोच विचारला असता. सर गंभीर चेहरा करून म्हणाले, "प्रश्न पाचवा. उदगीरच्या खंदकाची रुंदी त्रिकोणमितीनं काढा. गुण चार."

पोरगं भाबडं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि शेजारी चांदणी काढली. सोमवारी शेडमध्ये कुजबुज, की सरांनी गेस दिलाय. मंगळवारी ते दुसऱ्या क्लासला कळलं. आमच्या सरांचे बोर्डात कुणीतरी ओळखीचे आहेत, अशी भरही त्यात पडली. गुरुवारी झेरॉक्सच्या दुकानात 'खंदकाचे गणित, तीन पद्धतींनी' अशी पानं विकायला होती. आणि पुढच्या रविवारी उदगीरच्या एका मुलीने येऊन सांगितलं, की सकाळच्या एसटीने लातूरची चाळीस पोरं उतरली, काठ्या आणि सुतळी घेऊन खंदकाच्या कडेने हिंडत होती, आणि किल्ल्यावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला वाटलं, की जमिनीची मोजणी चालली आहे. त्याने तलाठ्याला बोलावून आणलं.

मालकांनी सरांना बोलावलं. "सर, पोरं मेरिटला न्यायची का किल्ल्याला?"

"चाळीस पोरं स्वतःच्या मनानं गणित सोडवायला एसटीनं गेली," सर म्हणाले. "तुमच्या शेडमधी कधी गेलीत का?"

मालक हसले. त्यांना हसावंच लागलं, कारण त्या आठवड्यात नवीन प्रवेश बरेच झाले होते.

हत्तीबेटाला मी पहिल्यांदा पूर्ण आत गेले. उदगीरजवळची ती टेकडी तशी गर्द झाडीची. चढून गेलं की दगडात कोरलेल्या छोट्या खोल्या लागतात. त्या दिवशी सरांनी रेघ मारली नाही. म्हणाले, "हे बांधलेलं न्हाई, कोरलेलं हाय. याला जोडच न्हाई, तर सुटंल काय? जा." मला ते इतकं पटलं की मी सरळ गेले. आत बसून दोन शेंगदाणे खाल्ले आणि बाहेर आले. सरांनी नाव घेतलं, मी 'हाय' म्हणाले, आणि तेवढ्यावरून ते दिवसभर खुशीत होते. एसटीत कंडक्टरलाही शेंगदाणे दिले.

पुढे खरोसा. तिथली लेणी मोठी, आत अंधार, खांबच खांब. मी सगळ्यांबरोबर आत जाऊन आले, सगळ्यांच्या आधी बाहेर आले. सर बाहेर पायरीवर एकटेच बसले होते, मांडीवर यादी. मी शेजारच्या पायरीवर बसले आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलं.

"सर, तेवीस पोरं आत गेली तर तेवीसच बाहेर येणार की. लेणं काय खातंय का? दोन-दोनदा हजेरी कशाला?"

सरांनी यादीवर एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव माझ्या गावापासून फार लांब नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. भूकंपाच्या दिवशी मदतीला आलेल्या लोकांनी गावात विचारलं, अक्षर कुणाचं चांगलं आहे. लोकांनी सरांकडे बोट दाखवलं. त्यांच्या हातात कागद दिला. घराघरापुढे उभं राहून त्यांनी नावं पुकारायची, आतून कुणी ओ देतंय का ऐकायचं, आणि लिहायचं.

"दिवसभर तेच केलो," सर म्हणाले. "नाव घ्यायचं आन् थांबायचं. कुणी 'हाय' म्हणलं की सगळे मिळून उपसायचे. न्हाई म्हणलं की पुढचं घर."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "त्या यादीत तुमच्या घरचं कुणी होतं, सर?"

"पहिलंच नाव. आई."

तेवढ्यात पोरं ओरडत बाहेर आली. सर उठले, टोपी नीट केली आणि नावं घ्यायला लागले. बिलोलीच्या पोराने नेहमीप्रमाणे लांबलचक 'हाऽऽय' केलं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. पण आता सगळं कळलं असं मात्र वाटलं. हजेरीचं कारण कळलं, 'हाय'चं कळलं, बाहेर थांबण्याचंही कळलं. यादी ज्याच्या हातात तो दार सोडणार कसा? माणसाचा एक धागा हाताला लागला की सगळा माणूस उलगडला असं समजायची मला तेव्हा खोड होती.

मार्च आला. हॉल तिकीट आलं. केंद्र तीच शाळा.

पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी दुपारी मुली बैठक व्यवस्था बघायला जातात, तशी मीही गेले. सर आधीच तिथे होते. न सांगता आले होते. मुली येत होत्या, आपापला नंबर कुठल्या बाकावर आहे बघत होत्या, खिडकी मिळाली म्हणून खूश होऊन जात होत्या. हळूहळू अंगण रिकामं झालं. वर्ग क्रमांक चार, डावीकडून दुसरी रांग, तिसरा बाक. मी ओट्यावर उभी राहून तो दारातूनच बघितला. बाक दिसत होता आणि त्याच्या बरोबर वरची तुळई दिसत होती.

किल्ले बांधलेले होते खरे, पण तिथे मी दारातल्या कमानीपुढे गेले नव्हते. लेण्यांत गेले होते, पण ती कोरलेली. हे मात्र थेट आमचं घर होतं. तीच भिंत, तीच तुळई, तीच माती.

"सर, खडू?"

"खडू आणला न्हाई. उद्या इथं रेघ कोण मारणार हाय?"

"मग तुम्ही आधी आत जा," मी म्हणाले. "तुम्हांला भिंतीतलं कळतं. जवळून बघा, आरपार दगड हायेत का बघा, आन् मला सांगा. तुम्ही चांगली हाय म्हणालात तर मी जाते."

"इथून सांगतो की," सर म्हणाले. "भिंत पक्की हाय. चुन्यात बांधलीय, चिखलात न्हाई. कोपरे बघ, एकमेकांत गुंतलेत."

"इथून न्हाई. आत जाऊन."

सरांनी टोपी काढून हातात घेतली. उंबऱ्यापर्यंत गेले. एक पाऊल उचललं, ते उंबऱ्यावर ठेवलं आणि परत घेतलं. ओट्याच्या शहाबादी फरशीवर छत्रीचं टोक टकटक वाजायला लागलं. मी आधी छत्रीकडे बघितलं, मग त्यांच्या हाताकडे.

मला काय वाटलं ते खरं सांगते. दया आली नाही. राग आला. इतका राग आला की कान गरम झाले. वर्षभर हा माणूस मला एकेक पाऊल आत ढकलत होता आणि स्वतः कधी दगडमातीच्या छपराखाली गेलेलाच नव्हता!

"तुम्ही मला फसवलं, सर."

"हाव," सर म्हणाले.

"मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी बाहेर थांबता."

"आन् मला वाटायचं," सर हळू म्हणाले, "तू थांबतीस म्हणून बरंय. न्हाईतर पोरांना काय सांगितलं असतं?"

मी तशीच वळले, तरातरा आत गेले आणि तिसऱ्या बाकावर जाऊन धपकन बसले. बसल्यावर कळलं की बसलेय. उठायचं नाही हे मी त्या रागातच ठरवलं. उठले असते तर सरांपुढे हरले असते. आणि बसल्या बसल्या बाक डुगडुगायला लागला. मला वाटलं, मीच थरथरतेय. खाली वाकून बघितलं, तर बाकाचा एक पाय आखूड होता.

"सर," मी आतून ओरडले, "बाक हलतोय. याच्यावर तीन तास कसं लिहायचं?"

सर दारात उभे होते. त्यांच्या विद्यार्थिनीचा बाक, परीक्षेच्या आदल्या दिवशी, हलतोय, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "कुठला पाय?" त्यांनी विचारलं.

"मागचा. तिथून दिसणार न्हाई."

त्यांनी डोळे मिटले असावेत. नक्की सांगता येत नाही, उजेड त्यांच्या मागे होता. मग बुटांचा आवाज आला. मी मोजले, सात पावलं. सर आले, माझ्या बाकाशी गुडघ्यांवर बसले, खिशातला कुठलातरी कागद काढून त्याच्या घड्या केल्या आणि पायाखाली सारल्या. बाक हलवून बघितला. अजून एक घडी घातली. परत हलवून बघितला. काम झालं होतं, पण ते उठले नाहीत. तिथेच जमिनीवर बसून राहिले, पाठ भिंतीला टेकून.

"त्या रात्री गणपती बुडवून आलो होतो," ते म्हणाले. "अंगणात बाजेवर पडलो. आई आतून म्हणायली, आत ये, दव पडायलंय. मी म्हणलो, येतो." त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "येतो म्हणलो आन् गेलोच न्हाई."

बाहेर शिपायाने किल्ल्यांचा जुडगा वाजवला. माझा राग कुठे गेला होता मला ठाऊक नाही. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते.

"आलात की, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग भिंतीला हात लावून उठले, गुडघ्याची धूळ झटकली आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दोन पेन आण. आन् लवकर जेव, पोट तट्ट होईपर्यंत जेवू नको." शिपाई कुलूप घेऊन दारातच उभा होता. आम्ही बाहेर आलो. सर गच्चीवरच्या खोलीकडे गेले, मी लातुरातल्या माझ्या बहिणीकडे, जिच्या घरी राहून शिकत होते.

दुसऱ्या दिवशी अकराची घंटा झाली. पेपर इंग्रजीचा होता. पहिलं उत्तर लिहिलं, दुसरं लिहिलं, पुरवणी मागितली. पर्यवेक्षक बाई वेळ संपल्याचं सांगायला लागल्या तेव्हा कुठे माझी मान वर झाली. तीन तासांत तो बाक जराही हलला नव्हता.